सरळ बोट

डुलुथला मार्चमध्येही सरोवर कण्हतं,
बर्फाच्या लाद्या रात्रभर एकमेकींवर चढतात,
आणि सकाळी आठला ओडवर स्टेन्सरूड येतो
उजवा हात उघडाच ठेवून.
हातमोजा जात नाही त्याला. करंगळी आणि अनामिका
तळव्यात मिटून बसल्यात, अकरा वर्षं.

कातडीखालून एक दोरी गेलीय, ताणलेली.
बापाला होती, बापाच्या बापाला होती,
त्यांना म्हणे सुकाणू धरायला बरी पडायची.
हा मात्र खनिजाच्या गोदीवर हिशेबनीस,
याला धरायला फक्त पेन्सिल.

मी त्याला म्हणाले, आमच्यात म्हणतात,
सरळ बोटानं तूप निघत नाही.
तूप म्हणजे?
लोणी कढवून.
त्यानं विचार केला. मग म्हणाला,
आम्ही सुरी वापरतो.

दोरीच आहे ती. कोलॅजन. तीन पेड,
असे घट्ट, की पोटातले पाचक रसही
चाटून परत जातात.
आई शाळेसाठी घालायची तशी वेणी,
डोळे ताणले जाईपर्यंत ओढलेली;
संध्याकाळी सोडली की केसांची मुळंसुद्धा दुखायची.

ती सोडणारे अंगात असतातच.
जबड्यात जस्ताचा एक अणू धरून हिंडतात,
आधी पेड सैल करतात, मग ठरल्या जागीच चावा:
तीन हिस्से इकडे, एक हिस्सा तिकडे.
पुढचं काम नुसती अंगाची ऊब करते,
तुटलेली वेणी आपोआप उलगडते.
जखम भरते त्यात त्यांचा हात,
बाळंतिणीची पिशवी आटते त्यात त्यांचा हात,
बेडूकमाशाचं शेपूट जातं कुठे, तर
त्यांच्या पोटात नाही, त्याच्याच अंगात.
रोज थोडं उसवायचं, रोज थोडं विणायचं,
असं चाललेलं असतं आपलं, आपल्याला न विचारता.

ओडवरच्या तळव्यात विणणारे थांबलेच नाहीत.
म्हणून उसवणारे उसने आणायचे,
तेही अशा जिवाणूकडून
जो जखमेत शिरला तर पाय कापावा लागतो.
इवल्या बाटलीत पांढरी भुकटी.
डॉक्टर ओस्बर्ग तीन ठिकाणी टोचतात, जपून,
कारण दोरी कुठली आणि शेजारचा स्नायूबंध कुठला
हे त्या भुकटीला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बोट धरून ओढलं.
वाळकी शेंग मोडावी तसा आवाज,
भिंतीपलीकडच्या बाईनं ऐकला.
ओडवर म्हणाला, उफ्दा.
एवढंच म्हणतात इथे,
गाडी बर्फात रुतली तरी, बायको गेली तरी.

आणि बोट उघडलं.
घडीच्या आत अकरा वर्षं ऊन न लागलेली कातडी,
दमट, फिकी, तान्ह्या पोराच्या टाचेसारखी.
झाकली मूठ सव्वा लाखाची, मला आठवलं;
आत काहीच नव्हतं. थोडा साबणाचा वास.
तो बघत राहिला. मी कापूस शोधायच्या निमित्तानं
पाठ वळवली.

दोरी गेली कुठे, त्यानं विचारलं.
रक्तात. तुकडे होऊन.
काही लघवीतून जातील, काहींचं अंगच
पुन्हा काहीतरी बनवेल. कान, कदाचित.
आणि ही परत येईल का?
पुष्कळांना येते, म्हणाले. खोटं कशाला बोला.
रात्रीची पट्टी नीट बांधून दिली.

आठवड्यानं आला. तळवा जांभळा, पिकल्या करवंदासारखा.
टेबलावर हात सपाट ठेव म्हटलं,
खालून त्याचीच पेन्सिल सरकवून पाहिली. अडली.
मग त्यानं पिशवीतून काढला एक हातमोजा, उजवा, नवाकोरा.
घरी खणात आणखी दहा आहेत म्हणाला,
दर हिवाळ्यात जोडी घ्यायची, डावा झिजवायचा.
सूज होती. मोजा आजही जाईना.
पुढच्या मंगळवारी, मी म्हणाले.

तो उठला, टोपी घातली,
बोलता बोलता उजवा हात
पँटीच्या खिशात घातला,
आणि दाराशी थबकला.
खिशात काहीतरी होतं वाटतं, सुटे पैसे;
बराच वेळ वाजवत उभा होता.